मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं तरी ब्राउजर उघडत नाही? आधी अडलंय कुठे ते शोधा

मेलमध्ये लिंक आलीये, निळी दिसतेय, क्लिक केलं तर काहीच होत नाही. किंवा कर्सरपाशी ते गोल क्षणभर फिरतं आणि गायब. किंवा ब्राउजर उघडतो पण पान कोरंच राहतं. आउटलुकवाल्यांना तर कधीकधी सरळ मेसेजच येतो की या कॉम्प्युटरवरच्या निर्बंधांमुळे हे काम रद्द केलंय, सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा, आणि कॉम्प्युटर स्वतःचा असेल तर माणूस गोंधळूनच जातो कारण भेटायला दुसरा कोणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसतोच.

यावर बहुतेक जण पहिली गोष्ट काय करतात तर ब्राउजर अनइन्स्टॉल करून परत टाकतात. कळकळीने सांगतो, हे पहिल्या फटक्यात करू नका. एक तर सेव्ह केलेले पासवर्ड आणि बुकमार्क सिंक केलेले नसतील तर ते जायची भीती असते, आणि दुसरं म्हणजे चुकीच्या क्रमाने केलेलं अनइन्स्टॉल हेच बऱ्याचदा या दुखण्याचं मूळ असतं. ते कसं ते खाली सांगतो.

आधी आत काय चालतं ते बघू, मग दुरुस्ती सोपी होते. मेलचा प्रोग्राम वेबपेज स्वतः उघडत नाही. तुम्ही क्लिक केलं की तो फक्त पत्ता उचलतो आणि विंडोज, मॅक, अँड्रॉइड जे काय असेल त्याच्याकडे देतो. सिस्टिम तिच्या नोंदीत बघते की एचटीटीपी आणि एचटीटीपीएसने सुरू होणारे पत्ते कोणी उघडायचे, तिथे ज्याचं नाव असेल त्या प्रोग्रामला हाक मारते, आणि मग ब्राउजर जागा होऊन पान आणतो. म्हणजे अडायच्या जागा तीनच. मेल, सिस्टिमची नोंद, ब्राउजर. चौथी म्हणजे लिंकच खराब असणं. यातली कुठली ते कळलं की काम जवळपास झालंच, आणि ते कळायला दोन मिनिटं पुरतात.

दोन मिनिटांची टेस्ट

पहिलं, लिंकवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि ब्राउजर नेहमीसारखा आयकॉनवरून उघडून वरच्या अ‍ॅड्रेस बारमध्ये पेस्ट करा. तिथेही उघडत नसेल तर लिंक तरी गंडलेली आहे किंवा नेट तरी नाहीये, डिफॉल्ट ब्राउजरच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

तिथे उघडलं तर दुसरी टेस्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. ब्राउजर पूर्ण बंद करा. विंडोजवर विंडोज की धरून आर दाबा, रनचा छोटा बॉक्स येतो, त्यात एचटीटीपीएस, मग कोलन, दोन स्लॅश आणि एक्झाम्पल डॉट कॉम असा पूर्ण पत्ता इंग्रजी अक्षरांत टाकून एंटर मारा. (ही साइट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेली आहे, त्यामुळे टेस्टिंगला एकदम सुरक्षित.) इथे तुम्ही मेलच्या प्रोग्रामला बाजूला ठेवून थेट विंडोजलाच सांगताय की हा पत्ता उघड. ब्राउजर उघडून पान आलं तर विंडोज आणि ब्राउजर दोघंही ठीक आहेत, गडबड मेलच्या प्रोग्रामात आहे. काहीच झालं नाही किंवा एरर आली तर मेलचा काही संबंध नाही, त्याच्या सेटिंगला हात लावू नका.

मॅकवर हीच टेस्ट टर्मिनलमध्ये ओपन लिहून, स्पेस देऊन पुढे पत्ता टाकून होते, लिनक्सवर एक्सडीजी-ओपन ही कमांड. फोनवर नोट्सच्या अ‍ॅपमध्ये तो पत्ता पेस्ट करा आणि तिथून टॅप करून बघा.

याच टेस्टमध्ये अजून एक बघून ठेवा. ब्राउजर आधीपासून उघडा असताना लिंक चालते आणि बंद असताना चालत नाही, असं आहे का? असेल तर नोंद बरोबर आहे, ब्राउजर सुरू होतानाच कुठेतरी अडकतोय. हा फरक लोक बघतच नाहीत आणि मग भलतीकडेच शोधत बसतात.

विंडोजची नोंद बिघडली असेल तर

सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात डिफॉल्ट अ‍ॅप्स. विंडोज १० मध्ये तिथे वेब ब्राउजर असं सरळ लिहिलेलं सापडतं, त्यावर क्लिक करून निवडायचं. विंडोज ११ मध्ये यादीतून ब्राउजरचं नाव शोधून आत जावं लागतं, वर सेट डिफॉल्टचं बटण असतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा हे बटण नव्हतं, एकेक प्रकार वेगळा बदलावा लागायचा, लोकांनी बराच आरडाओरडा केल्यावर २०२२ च्या अपडेटमध्ये ते दिलं. बटण दाबलं तरी खालची यादी एकदा डोळ्यांखालून घालाच. एचटीटीपी, एचटीटीपीएस, डॉट एचटीएम आणि डॉट एचटीएमएल या चारही ठिकाणी एकाच ब्राउजरचं नाव पाहिजे. एचटीटीपीला एक आणि एचटीटीपीएसला दुसराच, असं झालेलं असलं की काही लिंक चालतात, काही नाही, आणि माणसाला वाटतं की प्रॉब्लेम अधूनमधून येतोय.

आता समजा तिथे सगळं बरोबरच दिसतंय. तरीही एक करा. डिफॉल्ट म्हणून दुसराच कुठलातरी ब्राउजर निवडा, मायक्रोसॉफ्टचा एज तर विंडोजसोबत असतोच, मग सेटिंग्ज बंद करा, परत उघडा आणि आपला नेहमीचा निवडा. वेडेपणा वाटेल पण याला कारण आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफॉल्टची निवड एका हॅशसकट, म्हणजे ताडून बघायच्या कोडसकट, साठवायला सुरुवात केली, म्हणजे कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता ती गुपचूप बदलू शकणार नाही. ती नोंद आणि तो हॅश जुळेनासा झाला की विंडोज त्या निवडीवर विश्वास ठेवत नाही. तुम्ही हाताने बदलून परत आणता तेव्हा दोन्ही ताज्या लिहिल्या जातात. म्हणूनच रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंगच्या नोंदी ठेवतं ती जागा) जाऊन युजरचॉइसची, म्हणजे या निवडीची, नोंद हाताने बदलायचे जे सल्ले मिळतात ते ऐकू नका, हॅश जुळणार नाही आणि जे होतं तेही जाईल.

आउटलुकचा तो निर्बंधवाला मेसेज

यावर जरा थांबतो, कारण हा मेसेज वाचून लोक घाबरतात, व्हायरस आला वाटतं, कोणीतरी कॉम्प्युटर लॉक केला वाटतं. नव्या व्हर्जनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात, तुमच्या संस्थेच्या पॉलिसीमुळे हे करता येत नाही असं काहीतरी. ऑफिसच्या मशीनवर खरंच पॉलिसी असू शकते, पण स्वतःच्या मशीनवर बहुतेक वेळा प्रकार असा असतो: तुम्ही कधीतरी क्रोम टाकलं, त्याला डिफॉल्ट केलं, नंतर क्रोम काढून टाकलं. क्रोम गेलं पण डॉट एचटीएमएल फाइलचा मालक म्हणून त्याचं नाव रजिस्ट्रीत तसंच राहिलं. आता आउटलुक लिंक उघडायला जातं, विंडोज नोंदीत बघतं, तिथे क्रोमएचटीएमएल असं लिहिलेलं, आणि त्या नावाचं कोणी घरात नाही. मग आउटलुक तो निर्बंधवाला मेसेज दाखवून मोकळं होतं. क्रोमच्या जागी दुसरा कुठलाही ब्राउजर असू शकतो.

सगळ्यात सोपा आणि बिनधोक उपाय म्हणजे काढलेला ब्राउजर परत टाका, मग वर सांगितल्याप्रमाणे डिफॉल्ट म्हणून जो ठेवायचाय तो दुसरा ब्राउजर निवडा, चारही प्रकार तपासा, आउटलुक बंद करून उघडा, लिंक चालतेय ना बघा, आणि मगच तो आधीचा ब्राउजर काढा. क्रम महत्त्वाचा, आधी डिफॉल्ट बदलायचा, मग अनइन्स्टॉल. यापुढे कधीही ब्राउजर काढताना हाच क्रम ठेवा.

एवढं करूनही मेसेज येत असेल तर रजिस्ट्री एडिटर उघडा, रनच्या बॉक्समध्ये रेजएडिट टाइप करून. त्यात एचकी करंट युजर, त्याच्या आत सॉफ्टवेअर, त्याच्या आत क्लासेस, आणि तिथे डॉट एचटीएमएल नावाचा फोल्डर शोधा. उजवीकडे डिफॉल्ट नावाच्या ओळीत एचटीएमएलफाइल असं, सगळं लहान लिपीत, मध्ये स्पेस न देता असायला पाहिजे. तिथे न राहिलेल्या ब्राउजरचं नाव दिसलं तर आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करा, म्हणजे बॅकअप राहील, मग ओळीवर डबल क्लिक करून बदला. डॉट एचटीएमचा फोल्डर असेल तर तिथेही तेच. नंतर कॉम्प्युटर रीस्टार्ट. रजिस्ट्रीत बाकी कशालाही हात लावायची गरज नाहीये, आणि हात थरथरत असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या, लाज वाटायचं काही कारण नाही.

आउटलुकचा अजून एक प्रकार आहे, तिथे बिघाड नसतोच. डिफॉल्ट फायरफॉक्स किंवा क्रोम ठेवलंय पण मेलमधली लिंक एजमध्येच उघडते. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये लिंकसाठी वेगळीच सेटिंग आणलीये आणि ती विंडोजचा डिफॉल्ट विचारात घेत नाही. क्लासिक आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन खाली स्क्रोल केलं की आउटलुकमधल्या लिंक कशात उघडायच्या असा ड्रॉपडाउन सापडतो, तिथे डिफॉल्ट ब्राउजर निवडा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी ही गोष्ट तिथे मिळणार नाही.

ब्राउजरच अडकलाय

क्लिक केल्यावर गोल फिरतं आणि विंडो येतच नाही, असं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. स्क्रीनवर ब्राउजर दिसत नाहीये पण यादीत त्याचं नाव आहे, असं बऱ्याचदा सापडतं. मागच्या वेळी बंद केला तेव्हा तो नीट बंद झालाच नाही, मागे लटकून राहिला, आता नवी लिंक त्या अडकलेल्या प्रोसेसकडे जाते आणि तिथेच विरते. फायरफॉक्स निदान सांगतो तरी की फायरफॉक्स आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाहीये, कारण त्याचं एक प्रोफाइल एका वेळी एकालाच वापरता येतं. यादीतल्या त्या सगळ्या ओळी निवडून एंड टास्क करा आणि परत लिंक क्लिक करा. हे रोजच व्हायला लागलं तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या भागात, क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड अ‍ॅप्स चालू ठेवायचा स्विच असतो, तो बंद करून बघा.

ब्राउजर उघडा असताना चालतंय आणि बंद असताना नाही, असं टेस्टमध्ये दिसलं असेल तर संशय एक्स्टेन्शनवर (ब्राउजरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) किंवा मागच्या वेळचे पन्नासेक टॅब परत उघडायच्या सवयीवर घ्या. फायरफॉक्स शिफ्ट धरून उघडला की ट्रबलशूट मोड येतो, त्यात एक्स्टेन्शन बंद असतात. क्रोम आणि एजमध्ये एक्स्टेन्शन हाताने बंद करून, मग एकेक चालू करत जायचं. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही.

आणि लिंक उघडली पण भलत्याच अकाउंटने, लॉगिन मागतेय, असं झालं तर क्रोममध्ये किंवा एजमध्ये दोन प्रोफाइल आहेत का बघा. लिंक साधारणपणे शेवटी वापरलेल्या प्रोफाइलमध्ये जाते. क्लिक करायच्या आधी हव्या त्या प्रोफाइलची विंडो एकदा समोर आणा, की झालं.

मेलचा प्रोग्राम दोषी असेल तर

रनच्या बॉक्समधून चाललं आणि मेलमधून नाही, तर आधी मेल प्रोग्राम पूर्ण बंद करून उघडा, डिफॉल्ट बदलल्यावर काही प्रोग्राम जुनंच धरून बसतात. थंडरबर्डमध्ये मात्र नेमका उपाय आहे. सेटिंग्जच्या जनरल भागात अगदी तळाला कॉन्फिग एडिटर आहे, तो उघडून सर्चमध्ये वॉर्न-एक्सटर्नल असं इंग्रजीत टाका, एचटीटीपी आणि एचटीटीपीएसच्या ओळी दिसतील, दोन्ही ट्रू करा, थंडरबर्ड रीस्टार्ट करा. आता लिंक क्लिक केली की तो विचारेल कशात उघडू, तिथे ब्राउजर निवडून लक्षात ठेवायच्या चौकटीवर टिक करा. आधी कधीतरी चुकीचा पर्याय कायमचा निवडला गेला असेल तर तो असा सुटतो.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर व्हेंचुरा म्हणजे २०२२ च्या आवृत्तीपासून ही सेटिंग डेस्कटॉप अँड डॉकमध्ये गेलीये, डिफॉल्ट वेब ब्राउजर या नावाने. त्याआधी ती जनरलमध्ये असायची. इथेही दुसरा निवडून परत आपला निवडायची युक्ती चालते. ब्राउजर डाउनलोड्समधून किंवा डिस्क इमेजमधूनच चालवत असाल तर तो आधी अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये हलवा आणि जुन्या कॉप्या काढा, नाहीतर लिंक भलत्याच कॉपीकडे जाते.

लिनक्सवर एक्सडीजी-सेटिंग्ज गेट डिफॉल्ट-वेब-ब्राउजर ही कमांड दिली की कोणाचं नाव आहे ते कळतं. फायरफॉक्स साध्या पॅकेजमधून स्नॅपवर किंवा फ्लॅटपॅकवर (प्रोग्राम बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवणारी पॅकेजं) गेला की त्याच्या डेस्कटॉप फाइलचं नाव बदलतं, आणि नोंद जुन्याच नावाकडे बोट दाखवत राहते. गेटच्या जागी सेट लिहून नवं नाव द्या. मेल क्लायंट फ्लॅटपॅकमध्ये असेल तर एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल चालू आहे ना तेही बघा, त्याच्याशिवाय आतली लिंक बाहेर येऊच शकत नाही.

फोनवर

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, ब्राउजर अ‍ॅप. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात पण सेटिंग्जच्या सर्चमध्ये डिफॉल्ट टाकलं की सापडतं. जीमेलमध्ये जनरल सेटिंग्जमध्ये वेब लिंक जीमेलमध्येच उघडायचा एक पर्याय असतो, तो चालू असेल तर पान जीमेलच्या आतच उघडतं, पूर्ण ब्राउजर हवा असेल तर बंद करा. लिंक ब्राउजरऐवजी दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये जात असेल तर त्या अ‍ॅपच्या माहितीत ओपन बाय डिफॉल्टमध्ये जाऊन सपोर्टेड लिंक बंद करा. टॅप केल्यावर मेलचं अ‍ॅपच बंद पडत असेल तर प्ले स्टोअरमधून क्रोम आणि अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू (अ‍ॅपच्या आत वेबपेज दाखवणारा भाग) दोन्ही अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्याच एका खराब अपडेटमुळे जगभर जीमेलसकट कितीतरी अ‍ॅप धडाधड बंद पडत होती, आणि लोक मात्र जीमेलच काढून परत टाकत बसले होते.

आयफोनवर आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, सफारी सोडून दुसरा डिफॉल्ट ठेवता येतो. सेटिंग्जमध्ये (आयओएस १८ पासून तिथल्या अ‍ॅप्स या भागात) त्या ब्राउजरच्या नावात जाऊन डिफॉल्ट ब्राउजर अ‍ॅप निवडा. स्क्रीन टाइमच्या कंटेंट अँड प्रायव्हसी निर्बंधांत सफारी बंद केलेली असली किंवा वेब कंटेंट मर्यादित केलेलं असलं तरी लिंक उघडत नाहीत, मुलांसाठी लावलेलं आणि नंतर विसरलेलं सेटिंग असतं ते. जीमेल अ‍ॅपमध्ये लिंक कशात उघडायची याची स्वतःची वेगळी सेटिंग आहे, ती पण बघा.

ब्राउजरमध्येच मेल बघत असाल तर

मग डिफॉल्टचा काही प्रश्नच नाही, तुम्ही आधीच ब्राउजरमध्ये आहात. इथे लिंक नव्या टॅबमध्ये उघडू पाहते आणि पॉपअप ब्लॉकर किंवा एखादं एक्स्टेन्शन तिला अडवतं. कंट्रोल धरून क्लिक करा, आणि खाजगी विंडोमध्ये तोच मेल उघडून बघा, तिथे चालली तर एक्स्टेन्शनच.

लिंकच खराब, किंवा मुद्दाम बंद केलेली

साध्या टेक्स्टच्या मेलमध्ये लांब पत्ता दोन ओळींत तुटतो. मेलच्या नियमांत एका ओळीत ७८ अक्षरांच्या आत राहावं अशी शिफारस आहे, त्यामुळे पाठवणाऱ्याचा प्रोग्राम मध्येच ओळ तोडतो आणि पहिला तुकडाच फक्त निळा होतो. दोन्ही तुकडे कॉपी करून मधली मोकळी जागा काढून जोडा.

पण लिंक क्लिकच होत नाहीये आणि मेल स्पॅम किंवा जंकमध्ये पडलेला आहे, तर कृपया थांबा. आउटलुक जंकमधल्या लिंक मुद्दाम बंद ठेवतं, जीमेल पण संशयास्पद मेलमध्ये तसं करतं. तो बिघाड नाही, तुमचं रक्षण चाललंय. असा पत्ता कॉपी करून जबरदस्तीने उघडू नका. बँक, कुरिअर, पासवर्ड रीसेट असलं काही असेल तर त्या साइटवर स्वतः पत्ता टाइप करून जा.

ऑफिसच्या मेलमध्ये लिंकवर कर्सर नेल्यावर सेफलिंक्स असलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जातोय, ती सेवा अडली की पान येत नाही आणि तुमच्या बाजूने काही करता येत नाही.

तरीही नाही झालं तर

त्याच कॉम्प्युटरवर नवीन युजर अकाउंट बनवून तिथे रनची टेस्ट करा. तिथे चाललं तर गडबड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे, विंडोजमध्ये नाही. तिथेही नाही तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ चालवा, खराब झालेल्या सिस्टिम फाइली ते दुरुस्त करतं. विंडोज एस मोडमध्ये (फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच अ‍ॅप चालू देणारा प्रकार) असेल तर डिफॉल्ट एजच राहतो, बदलता येत नाही, तिथे डोकं आपटू नका.

आणि मशीन ऑफिसचं असेल तर वरच्या टेस्ट तेवढ्या करा, रजिस्ट्रीत जाऊ नका. आयटीवाल्यांना नुसतं लिंक उघडत नाही असं न कळवता असं लिहा: रनमधून पत्ता उघडतो की नाही, ब्राउजर आधी उघडा असताना काय होतं, एररचे नेमके शब्द काय किंवा त्याचा स्क्रीनशॉट, आणि हल्ली कुठला ब्राउजर टाकला किंवा काढला. एवढं दिलंत तर त्यांना उलटे प्रश्न विचारत बसावं लागत नाही.